ऑल्डरटनची गूज कमिटी

प्रल्हाद मोघेला सकाळी तळ्याभोवती एक चक्कर मारायची होती आणि ती मारताना सारखं खाली बघावं लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती. यात कुणाला राजकारण दिसत असेल तर खुशाल दिसो. प्रल्हादला तरी ते दिसलं नव्हतं.

पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज या शहरापासून पाऊण तासावर, मक्याच्या शेतांच्या मधोमध ऑल्डरटन नावाची टाउनशिप आहे, म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं खेडंच. एक चर्च, एक फायर स्टेशन, एक गॅस स्टेशन आणि टाउनशिपच्या मालकीचं एक तळं. प्रल्हादची कंपनी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. तो घराच्या तळघरात बसून काम करायचा, त्याची बायको सुवर्णा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये रोज ड्राइव्ह करून जायची आणि मुलगी शाळेत. समोर तळं आहे म्हणून तर त्यांनी हे घर घेतलं होतं. घर दाखवणाऱ्या बाईंनी तळं दाखवलं, तळ्याभोवतीची फरसबंद पायवाट दाखवली, पण पायवाटेवर काय असतं ते दाखवलं नाही. बर्फाचे दिवस होते, सगळं झाकलेलं होतं.

बर्फ वितळला आणि कॅनडा गीझ दिसले. काळ्या मानेचे, गालावर पांढरा पट्टा असलेले, गुबगुबीत पक्षी. वर्षातून दोनदा हजारो मैल उडत जायचं, हा यांच्या जातीचा रिवाज. ऑल्डरटनच्या थव्यानं तो केव्हाच सोडून दिला होता. तळं बरं आहे, गवत मऊ आहे, कोणी हाकलत नाही, असं बघून ते इथे कायमचे राहिले होते. प्रल्हादचं ग्रीन कार्ड अजून रांगेत होतं, त्यामुळे ही गोष्ट त्याला जरा जास्तच लागायची. आणि हे पक्षी दिवसभर खात, दिवसभर त्याची पावती पायवाटेवर देत. पहिल्याच आठवड्यात प्रल्हाद त्यावरून असा काही घसरला की दोन दिवस त्यानं सगळ्या मीटिंग उभ्यानं केल्या.

त्यानं टाउनशिपला ईमेल लिहिली. नम्र, मोजकी, स्पेलचेक केलेली. उत्तर आलं की आपण बोर्डाच्या मासिक सभेला येऊन आपलं म्हणणं मांडावं.

"जाऊ नकोस," सुवर्णा म्हणाली. "पुण्यात सोसायटीच्या मीटिंगला गेला होतास, आठवतं ना? पाण्याच्या टाकीचा सेक्रेटरी होऊन आलास."

"तिथली गोष्ट वेगळी. इथे सगळं सिस्टिमॅटिक असतं," प्रल्हाद म्हणाला.

सभा फायर स्टेशनच्या मागच्या हॉलमध्ये होती. पुढे टेबलाशी बोर्डाचे तीन सदस्य, बाजूला टाउनशिपचा वकील. मध्यभागी अध्यक्ष कॅरल यॉस्ट. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या या बाई अजूनही सभागृहाकडे आरशातून बघितल्यासारख्या बघायच्या. खुर्च्या थोड्या होत्या आणि त्या सगळ्या भरलेल्या होत्या, कारण त्या दिवशी महत्त्वाचा विषय होता. झेंड्याच्या खांबावरचा दिवा पिवळा असावा की पांढरा. प्रल्हाद भिंतीला टेकून उभा राहिला. पिवळ्याच्या बाजूनं बरंच बोलणं झालं. पांढऱ्याच्या बाजूनं एक आजोबा रडवेले झाले. शेवटी दिव्याचा विषय पुढच्या सभेवर ढकलून कॅरलबाईंनी प्रल्हादला बोलायला सांगितलं.

तो बोलला आणि चांगलं बोलला. तळं, पायवाट, सार्वजनिक आरोग्य, वृद्धांची सुरक्षितता. हॉलमधली डोकी हलायला लागली. प्रत्येकानं आपापल्या बुटांचा अनुभव सांगितला. मग टेबलाशी आपसात कुजबूज सुरू झाली. उभं राहून राहून प्रल्हादच्या पायांत गोळे आले होते आणि तो फोनवर ऑफिसचे मेसेज बघत होता, तेवढ्यात कॅरलबाईंनी त्याच्याकडे वळून प्रेमानं विचारलं, "मिस्टर मोघे, वुड यू टेक द चेअर?"

अखेर कोणाला तरी आपली दया आली, असं प्रल्हादला वाटलं. "थँक यू, शुअर," म्हणून तो खुर्चीच्या शोधात इकडेतिकडे बघू लागला. टाळ्या वाजल्या. खुर्ची कुठेच दिसेना. शेजारच्या बाई त्याचा हात हातात घेऊन "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणाल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की गेल्या दोन मिनिटांत ऑल्डरटन टाउनशिपनं एक गूज कमिटी, म्हणजे या गीझच्या बंदोबस्ताची कमिटी, स्थापन केली होती आणि तिचं अध्यक्षपद त्यानं स्वीकारलं होतं.

त्यानं घाईघाईनं सांगितलं की तो अमेरिकेचा नागरिक नाही. वकिलानं एक जाडजूड पुस्तक उघडलं. नागरिक नसलेल्या माणसाला रस्ते, कर आणि पोलीस यांच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही, असं त्यात होतं. गीझबद्दल पुस्तक गप्प होतं. हॉलला हायसं वाटलं.

घरी आल्यावर सुवर्णानं नुसतं विचारलं, "सिस्टिमॅटिक होतं का?"

कमिटीत दुसरा सदस्य एकच. शेजारचा अर्ल स्नायडर. जन्मभर गाई पाळलेला, बायको जॅन गेल्यापासून एकटा राहणारा, उंच, कमी बोलणारा म्हातारा. गीझच्या प्रश्नावर त्याच्याकडे एकच उपाय होता आणि तो कांदे-बटाट्यांबरोबर कसा शिजवायचा, तेही त्याला माहीत होतं. पण या पक्ष्यांना केंद्र सरकारच्या कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्या अंड्याला हात लावायचा तरी आधी नोंदणी करावी लागते, असं प्रल्हादनं त्याला समजावलं. अर्लनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग कमिटी कशाला?"

एव्हाना बातमी पसरली होती. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी प्रल्हादचं नाव 'पक्षीमंत्री' करून टाकलं. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून संग्रामचा फोन आला. संग्राम प्रल्हादचा कॉलेजचा मित्र. जगातला कुठलाही प्रश्न त्याच्या ऑफिसात आधीच सुटलेला असतो.

"यार, सिंपल आहे. आमच्या कॅम्पसवर प्लास्टिकचे कायोटी उभे केले," तो म्हणाला. कायोटी म्हणजे इकडचा कोल्हा. "गीझ एका दिवसात गायब. तू फक्त ऑर्डर कर."

ऑर्डर करायला बोर्डाचा ठराव लागला, आणि ठरावासाठी तीन वेगवेगळ्या दुकानांची कोटेशन्स. कायोटी विकणारं दुकान एकच होतं, म्हणून दोन कोटेशन्स बागेतल्या प्लास्टिकच्या हरणांची जोडावी लागली. शेवटी चार कायोटी आले. प्रल्हादनं आणि अर्लनं ते तळ्याकाठी रोवले. दुपारपर्यंत टाउनशिपला कायोटी दिसल्याचे इतके फोन गेले की शाळेनं मुलांना मैदानावर सोडणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी गीझ त्या कायोटींच्या सावलीत झोपलेले आढळले. एक तर मान टेकून झोपला होता.

"तू त्यांची जागा बदलली नसशील. रोज बदलायची असते," संग्राम फोनवर म्हणाला.

याच सुमारास नागपूरहून सासूबाई आल्या. पद्मिनीबाई म्हणजे शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या बाई. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. जावयानं परदेशात कसलंसं अध्यक्षपद मिळवलं, याचा त्यांना आधी अभिमान वाटला. नागपूरला चार ठिकाणी फोन झाले. मग त्यांनी खिडकीतून तळं पाहिलं.

"प्रल्हादराव, हे तं हंस आहेत."

"हंस नाहीत, आई. गीझ आहेत. म्हणजे बदकासारखं काहीतरी."

"बदक असं मान वर करून चालते का? हा हंसच. कलहंस म्हणतात याला." त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "सरस्वतीचं वाहन हाकलायची कमिटी आहे ही? आणि तुम्ही अध्यक्ष?"

नागपूरचे फोन बंद झाले.

वसंतात गीझ घरटी करू लागले. अंडी किती ते बघायला प्रल्हाद हातात छत्री घेऊन एका घरट्यापाशी गेला. त्या घरट्याचा नर त्याला आधी दिसला नाही, नंतर मात्र सबंध पायवाटभर दिसत राहिला. सनीव्हेलच्या मीटिंगला शर्ट हवा म्हणून प्रल्हादनं वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली चौकड्यांची पँट घातली होती. पाठीमागे पंख पसरलेला नर, पुढे उघडी छत्री आणि चौकडी, असा त्याचा फोटो कोणीतरी टाउनशिपच्या फेसबुक पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'आपले गूज चेअरमन कामात मग्न'. ऑल्डरटनच्या लोकसंख्येहून जास्त लोकांना तो आवडला. प्रल्हादच्या मॅनेजरलाही आवडला.

त्या दिवसापासून प्रल्हादचा चेहरा बदलला. आता त्याला तळं साफ नको होतं, न्याय हवा होता. त्यानं इंटरनेटवर वाचून काढलं की गीझ टिकतात कारण माणसं त्यांना खायला घालतात. खायला घालणं बंद करा, थवा आपोआप जाईल. म्हणजे कायदा हवा.

कायदा करणं हे काम कायोटी आणण्याइतकं सोपं नसतं. वकिलानं विचारलं, खायला घालणं म्हणजे काय? हातातून पडलं तर? लहान मुलाच्या तोंडातून पडलं तर? पक्षी म्हणजे कोणते पक्षी? एक सभा चिमणी वगळण्यात गेली. दुसरी सभा वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची राहिली म्हणून वाया गेली. तळ्याकाठी लावायच्या पाटीला टाउनशिपचीच परवानगी लागते असं निघालं, आणि टाउनशिपनं टाउनशिपकडे अर्ज करून काही काळ टाउनशिपच्या उत्तराची वाट पाहिली. प्रल्हाद दिवसा सनीव्हेलचं काम करायचा, संध्याकाळी मसुदे. जेवताना कलमं वाचून दाखवायचा. सुवर्णा जेवण उरकून उठायची. आई शेवटपर्यंत ऐकत बसायच्या.

अखेर ठराव मंजूर झाला. पक्ष्यांना खायला घालणाऱ्यास दंड, आणि प्रकरण बोर्डापुढे, कमिटीच्या शिफारशीसह. पाटी लागली. प्रल्हादनं पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, या वेळी नीट पँट घालून.

पंधरवड्याच्या आत पहिला गुन्हा पकडला गेला. टाउनशिपच्या ऑफिसातून प्रल्हादला ईमेल आली, सोबत कोणा दक्ष नागरिकानं काढलेला फोटो. तळ्याच्या पलीकडच्या काठावर नऊवारीइतकी नीटनेटकी चापूनचोपून नेसलेली पाचवारी, खाली सुवर्णाचे धावायचे बूट, वर प्रल्हादचं जॅकेट. हातात पोळी. भोवती गीझ अर्धवर्तुळ करून, वर्गात बसावेत तसे बसलेले. ईमेलमध्ये विचारलं होतं, 'या महिलेला आपण ओळखता का?'

प्रल्हादनं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. फोटो तोच होता.

"तू सांग ना आईंना," त्यानं सुवर्णाला गळ घातली.

"कायदा तू केलास. तूच सांग."

त्यानं चहाच्या वेळी सांगितलं. फार सांभाळून, आधी हवेबद्दल बोलून. आईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे माझ्यावर खटला आहे."

"खटला नाही हो, आई. नुसती हिअरिंग."

"प्रल्हादराव, एक सांगू का? सकाळी सुवर्णा जाते. तुम्ही खाली तळघरात जाता. नात शाळेत जाते, आल्यावर मी काही विचारलं की 'आय ॲम फाइन, आजी' म्हणते. दिवसभर या घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. माझं काही म्हणणं नाही, तुमची कामं आहेत. पण ते हंस मी आवाज दिला की येतात. मी त्यांना सुभाषितं म्हणून दाखवते. पोळी म्हणजे काय, शिळीच असते." त्या उठल्या. "सुवर्णाला सांगा, माझं तिकीट अलीकडचं करून घे म्हणावं. तुमच्या पदाला बट्टा नको."

प्रल्हादला काय बोलावं ते सुचलं नाही. सुवर्णाला सुचलं, पण ती ते प्रल्हादशी बोलली नाही. दोन दिवस ती त्याच्याशी काहीच बोलली नाही. फक्त विमान कंपनीशी बोलत होती, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं.

आई हिअरिंगला येणारच म्हणाल्या. आपल्यामागे आपल्याबद्दल बोललेलं त्यांना शाळेतही चाललं नव्हतं. सभेच्या दिवशी त्या महेश्वरी नेसून, पर्स मांडीवर धरून पहिल्या रांगेत बसल्या. हॉल गच्च भरला होता. झेंड्याच्या दिव्याचा विषय होता, तो कॅरलबाईंनी पुन्हा पुढे ढकलला.

"हे तुम्हीच का?" फोटो दाखवत कॅरलबाईंनी विचारलं.

"येस," आई म्हणाल्या. "इट इज मी. द ब्रेड इज ऑल्सो माइन."

वकील म्हणाला, आता कमिटीच्या अध्यक्षांनी शिफारस करावी.

प्रल्हादनं घरून वाक्य पाठ करून आणलं होतं. आपलं आणि आरोपीचं नातं असल्यामुळे आपण या प्रकरणातून बाजूला होत आहोत. ते म्हणायला तो उभा राहिला. समोर पहिल्या रांगेत आई होत्या, नेहमीसारख्या ताठ. पर्सवर दोन्ही हात घट्ट धरलेले होते. शाळेत मुलांच्या पालकांना उत्तरं देताना त्या अशाच बसत असणार, असं त्याच्या मनात आलं, आणि ते वाक्य गेलं.

"हा कायदा मी केला," तो म्हणाला. "यातली प्रत्येक ओळ मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली आहे. तेव्हा या समोरच बसलेल्या असायच्या. मी यांना एकदाही विचारलं नाही, की तुमचा दिवस कसा गेला. यांच्याशी दिवसभर बोलणारं कोणी नाही, हे माझ्या घरातलं मला तुमच्या ईमेलवरून कळलं. यांना दंड करायचा असेल तर करा. पण शिफारस माझ्याकडे मागू नका. मी यांच्या बाजूनं आहे."

कॅरलबाई वकिलाकडे वळल्या. वकील म्हणाला, अध्यक्ष पक्षपाती ठरल्यामुळे शिफारस आता कमिटीचे दुसरे सदस्य करतील. सगळ्यांनी अर्लकडे पाहिलं.

अर्लनं टोपी काढली. बराच वेळ ती हातात फिरवली.

"मका माझा होता," तो म्हणाला.

कोणाला काही कळलं नाही.

"पोळ्या संपल्या की ही लेडी हात हलवायची, मी मका घेऊन जायचो. रोज सकाळी. ती काय म्हणते ते मला कळत नाही. पण चाल चांगली आहे." तो आईंकडे न बघता म्हणाला. "जॅन गेल्यापासून सकाळी कुठे जायचं असं नव्हतं."

प्रल्हादनं आईंकडे बघितलं. आई समोर बघत होत्या. त्यांना एवढं इंग्रजी समजत नाही, असं त्या चेहऱ्यावरून कोणालाही वाटलं असतं.

पुस्तक उघडलं गेलं. कमिटीचा अध्यक्ष आरोपीचा जावई आणि उरलेली कमिटी आरोपीची साथीदार, अशा परिस्थितीचा पुस्तकाला अंदाज नव्हता. बोर्डानं बाजूच्या खोलीत जाऊन चर्चा केली. बाहेर येऊन कॅरलबाईंनी निकाल सांगितला. दंड माफ. पण कायदा हा कायदा आहे, म्हणून दोन्ही आरोपींनी उन्हाळा संपेपर्यंत रोज सकाळी तळ्याची पायवाट झाडायची, आणि त्यावर गूज कमिटीच्या अध्यक्षांनी जातीनं देखरेख करायची.

"एक प्रश्न," आईंनी हात वर केला. "ब्रूम टाउनशिपचा की आमचा?"

या प्रश्नावर चर्चा सुरू झाली आणि चांगलीच लांबली. टाउनशिपचा झाडू टाउनशिपच्या विम्याखाली येतो, पण परदेशी पाहुण्याच्या हातात आल्यावर येतो का, यावर वकील ठाम नव्हता. प्रल्हादनं ही संधी साधून अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही म्हणून घेता येणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं. पुढच्या महिन्यात घालू म्हणाले. पण पुढच्या महिन्यात दिवा होता.

परत येताना सुवर्णा गाडी चालवत होती. अर्लचा पिकअप पुढे होता.

"प्रल्हादराव," मागच्या सीटवरून आई म्हणाल्या, "बोललात चांगलं. फक्त इंग्रजी फार घाईत बोलता. शब्द खाता."

"हो, आई."

"आणि सुवर्णा, त्या विमानवाल्यांना फोन करून तिकीट पहिल्यासारखं करून घे. शिक्षा अर्धवट टाकून देश सोडणं बरं दिसत नाही."